दहा लाख पाउंडांची अमानत: निजाम, लंडनचं कोर्ट आणि जळकोटचा शेतसारा

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. मोबाईलवर वाचताय तर जरा निवांत वाचा, कारण आज कोर्टाची गोष्ट आहे आणि ती ७१ वर्षं चाललेली आहे.

आधी एक आकडा. १०,०७,९४० पाउंड आणि ९ शिलिंग.

ही रक्कम सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. महिना लक्षात आला ना? १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. आपण दरवर्षी झेंडा लावून साजरा करतो तोच आठवडा. इकडे मराठवाड्यात रझाकारांची दहशत संपत होती, आणि तिकडे हजारो किलोमीटर लांब लंडनमध्ये निजाम सरकारच्या खात्यातला पैसा पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावावर जमा होत होता.

तो पैसा कोणाचा? या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला २०१९ साल उजाडलं.

ही गोष्ट जळकोटच्या बाजूने का सांगायची, ते आधी बोलतो. जळकोट, उदगीर, कंधार, मुखेड हा सगळा पट्टा तेव्हा निजामाच्या राज्यात. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला कलेक्टर नाही, अव्वल तालुकदार म्हणायचे. कागद उर्दूत. रुपयासुद्धा वेगळा. इंग्रज मुलखातला तो कलदार, आपला तो हाली. सोलापूरला बाजाराला जायचं तर हालीचे कलदार करून घ्यावे लागत, आणि त्यात घट सोसावी लागे, कारण हाली रुपयाची किंमत कमी. आजही एखादी म्हातारी आजी जुना हिशेब सांगताना ‘हाली’ म्हणून जाते, तो शब्द तिथून आलाय.

या राज्याच्या तिजोरीत पैसा कुठून यायचा? मुख्यतः जमिनीतून. शेतसारा, आणि महायुद्धाच्या काळात वर धान्याची लेव्ही. शिवाय राज्याचा जवळपास दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ होता, म्हणजे निजामाची खासगी जहागीर. तिथला महसूल थेट त्याच्या घरात. एकेकाळी जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून मीर उस्मान अली खान यांचं नाव घेतलं जायचं. ती श्रीमंती हवेतून आलेली नव्हती. काळ्या जमिनीत ज्वारी पेरणाऱ्या माणसाचा त्यात वाटा होता. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता लंडनला जाऊ. हैदराबादचे परराष्ट्र आणि अर्थ खात्याचे मंत्री मोईन नवाझ जंग तेव्हा युरोपात होते. हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे मांडायला त्यांना पाठवलेलं होतं. लंडनमध्ये हैदराबादचे प्रतिनिधी होते मीर नवाझ जंग. राज्य कोसळतंय हे दोघांनाही दिसत होतं. निजाम सरकारच्या नावाच्या बँक खात्यात दहा लाख पाउंड पडलेले. ते भारताच्या हाती जाऊ नयेत म्हणून पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांच्याशी बोलणं झालं, आणि रक्कम पाकिस्तानचे ब्रिटनमधले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहीमतुल्ला यांच्या नावे वळवली गेली. रहीमतुल्लांनी ती ‘विश्वस्त म्हणून’ आपल्या नावावर ठेवायचं कबूल केलं.

तो एक शब्द. पुढची सगळी लढाई त्या शब्दावर.

सप्टेंबर संपायच्या आत निजामाने बँकेला कळवलं की हा व्यवहार माझ्या परवानगीने झालेला नाही, पैसा परत द्या. बँक म्हणाली, आता खातं दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याच्या संमतीशिवाय आम्ही देऊ शकत नाही. पाकिस्तान काही संमती देईना. झालं, पैसा अडकला.

इथे थांबून ट्रस्ट म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की शाळा, मंदिर, दवाखाना असं काही डोळ्यांपुढे येतं. पण मूळ कल्पना फार साधी आहे आणि मराठवाड्यात तिच्यासाठी फार चांगला शब्द आहे: अमानत. माझी वस्तू तुझ्याजवळ अमानत ठेवली. ती तुझ्या घरात आहे, तुझ्या कुलपात आहे, पण तुझी नाही. ट्रस्टच्या कायद्यात हेच कागदावर आणलंय. मालकीचे दोन तुकडे करतात. सातबाऱ्यावर, पासबुकावर, करारावर ज्याचं नाव, तो विश्वस्त. ज्याच्या भल्यासाठी ते सगळं ठेवलंय, तो लाभार्थी. नाव एकाचं, लाभ दुसऱ्याचा.

‘लाभार्थी’ या शब्दाने मात्र आपला घोटाळा होतो. लाभार्थी म्हटलं की आपल्याला योजनेची यादी आठवते, रांग आठवते, ‘मिळालं तर मिळालं’ ही भावना आठवते. ट्रस्टच्या कायद्यातला लाभार्थी असा नाही. तो याचक नाही. त्याला विश्वस्ताची कॉलर धरता येते, म्हणजे अर्थात कोर्टामार्फत.

१८८२ चा भारतीय न्यास अधिनियम, म्हणजे इंडियन ट्रस्ट्स अॅक्ट, उघडून बघा. हा खासगी ट्रस्टचा कायदा. कलम ५७ म्हणतं, लाभार्थ्याला ट्रस्टचा मूळ दस्त बघता येतो, त्याच्या नकला घेता येतात, हिशेब बघता येतो, व्हाउचरसुद्धा बघता येतात. कलम १९ प्रमाणे हिशेब नीट ठेवणं आणि विचारल्यावर माहिती देणं हे विश्वस्ताचं कामच आहे. कलम ५१ म्हणतं, विश्वस्ताने ट्रस्टची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही. कलम ६१ प्रमाणे त्याला त्याचं कर्तव्य करायला भाग पाडता येतं, चुकीचं काही करायला निघाला असेल तर अडवता येतं. आणि कलम ६३ मला सगळ्यात भारी वाटतं: विश्वस्ताने मालमत्ता तिसऱ्याच्याच हातात दिली तरी लाभार्थ्याला तिचा माग काढत तिथपर्यंत जाता येतं. अपवाद एकच ठळक, ज्याने पूर्ण किंमत मोजून, काहीही माहीत नसताना, सरळ मनाने घेतली असेल तो.

खरं तर निजामाची बाजू याच धर्तीची होती. माझा पैसा माझ्या मंत्र्याने परवानगीशिवाय दुसऱ्याला दिला. त्या दुसऱ्याने तो विकत घेतलेला नाही, बदल्यात काही दिलेलं नाही, विश्वस्त म्हणून घेतो असं म्हणून घेतलाय. मग तो माझाच.

१९५४ मध्ये निजामाने लंडनच्या हायकोर्टात रहीमतुल्ला आणि बँकेवर दावा लावला. खालच्या कोर्टांत निकाल एकदा इकडे, एकदा तिकडे झाला आणि १९५७ च्या नोव्हेंबरात प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च पायरीवर, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये संपलं. म्हणजे अडलं. लॉर्ड्स म्हणाले, रहीमतुल्ला हे नावापुरते, खात्यामागे उभं आहे पाकिस्तान हे सार्वभौम राष्ट्र. परक्या सार्वभौम राष्ट्राला त्याच्या संमतीशिवाय आमच्या कोर्टात खेचता येत नाही. इंग्रजीत याला सॉव्हरिन इम्युनिटी म्हणतात. दावा थांबवा.

बघा गंमत. पैसा निजामाचा नाही असं कोणी म्हटलं नाही. पैसा पाकिस्तानचा आहे असंही कोणी म्हटलं नाही. प्रश्नाला हातच लावला नाही. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात, लॉर्ड डेनिंग यांच्या वेगळ्या मतासाठी विशेष करून. पण ज्याचा पैसा अडकला त्याच्यासाठी हा निकाल म्हणजे दारावर कुलूप. हक्क आहे, पण तो मागायला जागा नाही. ट्रस्टच्या भांडणात सगळ्यात जास्त माणसं इथेच हरतात, असं मला वाटतं. हक्क नसल्यामुळे हरणारे कमी. समोरचा इतका मोठा असतो, इतका जवळचा असतो किंवा इतका जुना असतो की त्याला प्रश्न विचारायची सोयच राहत नाही, म्हणून हरणारे जास्त.

मधल्या काळात निजाम गप्प बसलेला नव्हता. राज्य गेलं, ५० लाख रुपये वार्षिक तनखा ठरला, आणि १९५० च्या आसपास त्याने आपली प्रचंड दौलत एकामागून एक ट्रस्टमध्ये घालायला सुरुवात केली. कुटुंबासाठी ट्रस्ट, दागिन्यांसाठी ट्रस्ट. दागिन्यांच्या ट्रस्टचे १७३ नग पुढे १९९५ मध्ये भारत सरकारने जवळपास २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यात तो प्रसिद्ध जेकब हिरा आहे. आणि लंडनच्या त्या अडकलेल्या रकमेचं काय? तिच्यावरचा हक्कसुद्धा १९६३ मध्ये त्याने ट्रस्टमध्ये घातला, मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह या दोन नातवांसाठी. नंतर १९६५ मध्ये याच रकमेवरचा हक्क भारत सरकारच्या नावे करून देणारा कागद झाला. फेब्रुवारी १९६७ मध्ये निजाम वारला. मागे एक बंद खातं, आणि त्यावर हक्क सांगणारे तीन पक्ष: नातू, भारत, पाकिस्तान.

त्यानंतर किती वर्षं काहीच हललं नाही? ४६. खात्यात व्याज वाढत राहिलं. बँका बदलल्या, वेस्टमिन्स्टरची नॅटवेस्ट झाली. वाटाघाटी झाल्या, फिसकटल्या.

आणि मग २०१३ मध्ये पाकिस्ताननेच कोर्टात जाऊन सांगितलं की हा पैसा आमचा, बँकेने आम्हाला द्यावा. आता विचार करा. १९५७ मध्ये ज्या ढालीमागे ते वाचले होते ती ढाल काय होती? ‘आमच्या संमतीशिवाय आम्हाला कोर्टात ओढता येत नाही.’ इथे तर स्वतःच्या पायाने आले. दार आतून उघडलं. चूक लक्षात आल्यावर त्यांनी दावा मागे घ्यायचा प्रयत्न केला. कोर्टाने तो चालू दिला नाही. हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर आहे, म्हणाले. आता आलाच आहात तर पूर्ण ऐकू.

भारत आणि दोन्ही नातवांनी तोवर एक शहाणपणाचं काम केलं. आपसात तडजोड केली, एकत्र उभे राहिले. १९६३ चा ट्रस्ट खरा की १९६५ चा कागद, हे भांडण त्यांनी कोर्टापुढे आणलंच नाही. वाटणीचा करार गोपनीय ठेवला. भावकीच्या वादात हे किती अवघड असतं ते तुम्हाला सांगायला नको.

पाकिस्तानचे मुद्दे दोन मोठे होते. एक, हा पैसा हत्यारांचा मोबदला होता. यात तथ्याचा अंश आहे. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून हत्यारं हैदराबाद संस्थानात आणत होता, रात्रीच्या अंधारात. बिदरच्या धावपट्टीचं नाव त्यात येतं, आणि उदगीरहून बिदर काही लांब नाही. म्हणजे आपल्या डोक्यावरून ती विमानं गेली असणार. दुसरा मुद्दा, पैसा भारताच्या हाती लागू नये म्हणून आम्हाला देऊन टाकलेला होता.

२ ऑक्टोबर २०१९ ला न्यायाधीश मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला. हत्यारांची ने-आण झाली हे मान्य, पण ही रक्कम त्याची परतफेड होती असं कागदपत्रांवरून दिसत नाही. आणि भारतापासून दूर ठेवायला दिली, हे मानलं तरी ‘सांभाळायला दिलं’ आणि ‘देऊन टाकलं’ यात फरक आहे. रहीमतुल्लांच्या नावावरचा पैसा निजामासाठी विश्वस्त म्हणून धरलेला होता. निजाम लाभार्थी. त्याच्या जागी आता त्याचे नातू आणि भारत. पैसा त्यांना द्या. तोवर दहा लाखांचे जवळपास साडेतीन कोटी पाउंड झालेले होते.

२०२० मध्ये निजामाचे इतर वंशज कोर्टात आले. आमचाही वाटा आहे, आमच्यावर अन्याय झाला. त्याच न्यायाधीशांनी त्यांना नकार दिला, झालेला निकाल पुन्हा उघडणार नाही म्हणाले. रक्ताचं नातं एवढ्याने माणूस ट्रस्टचा लाभार्थी होत नाही, दस्तात काय लिहिलंय आणि तुम्ही वेळेवर आलात का, हे बघितलं जातं. मन जरा खट्टू होतं, पण कायदा तसाच आहे.

आता ती आधी ठेवलेली गोष्ट काढू. जळकोटचा शेतसारा.

या खटल्यात नातू होते, भारत होता, पाकिस्तान होता, बँक होती. ज्याने हाली रुपयांत सारा भरला, लेव्हीत ज्वारी मोजून दिली, तो कुठेच नव्हता. खातं ‘निजाम सरकार’चं होतं. सरकारचा पैसा म्हणजे रयतेचा पैसा, असं आपण आज सहज म्हणतो. पण १९४८ च्या हैदराबादेत राजा आणि राज्य यांत रेषाच नव्हती. राजा रयतेचा विश्वस्त आहे, हे वाक्य भाषणात ठीक आहे. कोर्टात टिकेल असा दस्त कोणी केलेला नव्हता. लोकांची बाजू आली ती फक्त भारत सरकारच्या वाट्यातून, आडवाटेने. निकाल बरोबरच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठवाड्यात बसून तो वाचताना ही रिकामी खुर्ची दिसतेच.

आणि म्हणूनच मला सार्वजनिक ट्रस्टचा कायदा महत्त्वाचा वाटतो. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. मंदिर, शिक्षण संस्था, वाचनालय, दवाखाना, असल्या ट्रस्टना हा लागू. त्यात ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असा शब्दप्रयोग आहे. मंदिराच्या बाबतीत ती व्यक्ती कोण? जो तिथे पूजेला, दर्शनाला जातो तो. मठ असेल तर शिष्य. संस्था असेल तर सभासद. म्हणजे नाव दस्तात असायलाच पाहिजे असं नाही. लंडनमध्ये जी खुर्ची रिकामी होती, ती इथे कायद्याने मांडून ठेवली आहे.

त्या खुर्चीत बसून काय करता येतं? समजा देवस्थानची जमीन आहे आणि ती विकायची कुजबुज गावात आहे. कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या परवानगीशिवाय विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन १० वर्षांच्या वर आणि बिनशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांच्या वर भाड्याने द्यायची तरी परवानगी लागते. हिशेबाचं ऑडिट दरवर्षी. विश्वस्त कामात कसूर करत असेल, अफरातफर करत असेल तर कलम ४१-ड खाली त्याला निलंबित करता येतं, काढून टाकता येतं. मोठा दावा लावायचा तर कलम ५० आहे: हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती आणि आयुक्तांची लेखी संमती. दोन माणसं, बस्स. खासगी ट्रस्टमध्ये यातलं काही नाही, तिथे दिवाणी कोर्ट. पैसा सरळ खाल्लाच असेल तर फौजदारी विश्वासघात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. आपली ती जुनी ‘अमानत में खयानत’.

मुदतीबद्दल एक, कारण ७१ वर्षांचं ऐकून तुम्ही तेच विचारणार. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १० म्हणतं, विशिष्ट हेतूसाठी विश्वस्ताच्या नावावर आलेली मालमत्ता त्याच्याकडून परत मिळवायला किंवा तिचा हिशेब मागायला कितीही काळ गेला तरी दावा मुदतबाह्य होत नाही. पण त्याने ती जमीन मोबदला घेऊन तिसऱ्याला विकली, तर त्या खरेदीदाराला हे कलम लागू नाही, तिथे मुदत मोजली जाते. म्हणून ‘आपली जमीन कुठं पळून जाती’ असं म्हणत बसू नका. जमीन नाही पळत, खरेदीखत पळतं.

सुरुवात कुठून करायची तर कागदापासून. लातूरला धर्मादाय कार्यालय आहे. तिथून ट्रस्टच्या पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा उतारा मागा. त्याला शेड्युल एकचा उतारा पण म्हणतात. त्यात विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, गट नंबर काय, हे सगळं येतं. मग तो उतारा सातबाऱ्याशेजारी ठेवून गट नंबर जुळतात का ते बघा. अर्ज मराठीत करा. पोच घ्या.